खुसपटराव आणि एकोणीस गप्प दिवस

खुसपटराव हे नाव त्यांना ऑफिसने दिलं होतं आणि ते त्यांच्या कानावर गेलेलं नाही अशा समजुतीत सगळे ते बिनधास्त वापरत. प्रत्यक्षात त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कोणी ठेवलं, कुठल्या टेबलापाशी ठेवलं आणि ऐकून कोण कोण हसलं, एवढा तपशील त्यांच्यापाशी होता. त्यांनी तो वापरला नाही. नुसता ठेवून दिला.

वय चोपन्न, अंगकाठी छत्रीच्या दांड्यासारखी आणि शर्टाचं गळ्याचं बटण बारा महिने लावलेलं. हॉटेलात गेले की खाण्याआधी मेनूकार्डातल्या चुका पेन्सिलीने सुधारायचे आणि कार्ड वेटरच्या हातात न देता मालकाच्या हातात द्यायचे. शेजाऱ्याच्या दारावरच्या पाटीला चारऐवजी तीनच स्क्रू आहेत हे त्यांनी शेजाऱ्याला नऊ वेळा सांगितलं. दहाव्या वेळी सांगायला गेले तेव्हा पाटीच नव्हती. शेजारी पत्ता सांगताना म्हणायचा, "ज्या दारावर पाटी नाही ते माझं, आणि ज्याच्यामुळे नाही तो समोर राहतो."

त्यांची कंपनी चष्म्याच्या काचांचं सॉफ्टवेअर करायची. दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासले की नंबर या सॉफ्टवेअरमधून काचेच्या कारखान्यात जायचा आणि तिथलं यंत्र त्या नंबराबरहुकूम काच घासायचं. वाटेत काही बिघडलं तर ते नेमकं कुठे बिघडलं हे कळायला नको? त्यासाठी खुसपटरावांनी अठरा वर्षांपूर्वी एक लायब्ररी लिहिली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात लायब्ररी म्हणजे एक तयार तुकडा. एकाने लिहायचा, बाकीच्यांनी आपापल्या प्रोग्रामला जोडायचा. या तुकड्याचं काम एकच होतं, चूक झाली की ती एका फाइलीत लिहून ठेवायची. नाव 'नोंद'. जेमतेम दोनशे ओळी, आणि तिला तीनच गोष्टी यायच्या: कुरबुर, तक्रार आणि बोंब. किरकोळ चुकीला कुरबुर, मोठीला तक्रार, आणि सगळंच बसत असेल तर बोंब. आजच्या काळात इतकी साधी वस्तू कोणी करत नाही. केली तरी कबूल करत नाही.

इथवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. दुखणं होतं ते चौथ्या रकान्याचं. चूक कधी झाली, कुठे झाली, काय झाली, एवढं लिहून नोंद थांबत नसे. प्रोग्रामच्या ज्या ओळीत चूक झाली, त्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, त्याचं नावही ती लिहायची. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्याने केलेली एक चूक खुसपटरावांच्या गळ्यात पडली होती. तेव्हाच्या मॅनेजरने बाहेरच्या पाहुण्यांसमोर त्यांचा पाणउतारा केला, आणि खरा गुन्हेगार शेजारच्या खुर्चीत बसून मॅनेजरच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. खुसपटरावांनी दुसऱ्या दिवसापासून तीन दिवसांची रजा टाकली आणि परत आले ते नोंद घेऊनच.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाचन. हा रिवाज कोणी सुरू केला हे विचारायला नको. सगळी टीम लांबट टेबलाभोवती बसायची, खुसपटराव उभे राहायचे आणि महिन्याभरातल्या नोंदी एका सुरात वाचायचे. सूर असा की रेल्वेच्या वेळापत्रकात जास्त भावना असते. "सहा तारीख. दहा वाजून चौदा मिनिटं. तक्रार. डाव्या काचेचा नंबर रिकामा." मग थोडं थांबून नाव. नाव घेताना मात्र ते चष्म्यावरून त्या माणसाकडे बघायचे. एका उंच प्रोग्रामरची तब्येत वर्षभर उत्तम असायची, फक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याचं पोट बिघडायचं.

टीमची प्रमुख चार वर्षांपूर्वी आली होती. छत्तीस वर्षांची, कामाला वाघीण, आणि की-बोर्ड असा बडवायची की पलीकडच्या खोलीतले लोक कोणाशी भांडण चाललंय बघायला यायचे. म्हणून ती धडाडबाई. तिने आल्या आल्या खुसपटरावांना 'काका' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते आवडत नाही हे कळल्यावर तर ती वाक्यात दोनदा म्हणू लागली. तेही तिला 'बाईसाहेब' म्हणायचे, आणि त्यातला 'साहेब' चिमट्यात धरलेल्या मेलेल्या झुरळासारखा उच्चारायचे.

एका महिन्याच्या अकरा तारखेला दोघांची जुंपली. खुसपटराव तिच्या टेबलासमोर कागद घेऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, तुमच्या नावावर या महिन्यात सतरा तक्रारी. अजून अर्ध्याहून जास्त महिना बाकी आहे."

"काका, सगळ्यात जास्त काम कोण करतं? ज्याने काही लिहिलंच नाही त्याच्या नावावर काय येणार, काका?"

"कामाची मोजदाद माझ्याकडे नाही. चुकांची आहे."

"तेच तर. तुमची लायब्ररी चुका पकडत नाही. माणसं पकडते. एक दिवस सगळे तिला सांगणंच बंद करतील, मग वाचा कोरा कागद."

हे वाक्य सगळ्या खोलीने ऐकलं. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जो नेमका एक तारखेला आला, खुसपटराव वाचायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर अकरा तारखेपर्यंतच्या नोंदी होत्या. त्यानंतर काही नव्हतं. बारा तारखेपासून तीस तारखेपर्यंत एकोणीस दिवस एक बोंब नाही, एक तक्रार नाही, साधी कुरबुरसुद्धा नाही.

"अभिनंदन करायचं की काय?" टेबलाच्या टोकाला बसलेले साहेब म्हणाले. कंपनी त्यांची. त्याआधी वीस वर्षं ते स्वतः चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत होते, त्यामुळे समोरच्याशी बोलताना अजूनही त्याची एकेक बाहुली न्याहाळत बोलायचे.

"अभिनंदन कशाचं?" खुसपटराव म्हणाले. "या लोकांनी चुका गिळल्या आहेत, साहेब."

चूक गिळणं हा त्या धंद्यातला शब्द. प्रोग्राममध्ये चूक उद्भवली की ती पकडायची, नोंदीला काही सांगायचं नाही आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जायचं. खुसपटरावांच्या लेखी जगात याहून मोठं पाप नव्हतं.

"कोणी गिळल्या?" धडाडबाईने विचारलं.

"अकरा तारखेला धमकी कोणी दिली होती?"

"ती धमकी नव्हती. तो सल्ला होता. आणि पुरावा काय?"

"हा." त्यांनी अकरा तारखेनंतर कोरा पडलेला कागद वर धरला.

"कोरा कागद पुरावा कसा होतो, काका? मी म्हणते आम्ही सुधारलो."

"तुम्ही? एकोणीस दिवसांत?" ते असे हसले की उंच प्रोग्रामरने, जो चुकून त्या सोमवारी बरा होता, पोटावर हात ठेवला.

धडाडबाईने मग लॅपटॉप उघडून साहेबांकडे फिरवला. बाहेरची एक नवी लायब्ररी होती. चुकांचे रंगीत आलेख काढायची आणि कोणाचंही नाव घ्यायची नाही. "साहेब, ही घेऊ. नोंद काढून टाकू. माणसं मोकळेपणी चूक सांगतील."

साहेबांनी दोघांच्या बाहुल्या आळीपाळीने बघितल्या. "गुरुवारी ठरवू. राव, आधीच सांगतो. नोंद गेली तर तुम्हाला या मजल्यावर काम उरत नाही. मॅन्युअलच्या खोलीत बसावं लागेल."

मॅन्युअलची खोली तळमजल्यावर कागदाच्या खोक्यांच्या कोठाराला लागून होती. तिला खिडकी नव्हती. आधी तिथे बसणाऱ्या गृहस्थांनी सहा वर्षं 'हे बटण दाबा, मग ते बटण दाबा' एवढंच लिहिलं, आणि निवृत्त झाल्यावर ते घरी भाजी मागतानाही "पायरी एक, झाकण काढा" असं म्हणायचे. खुसपटरावांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा घरातही वातावरण तापलेलं होतं. बायको शिंपीकाम करायची. पुढच्या खोलीत दोन मशिनं, भिंतीला कात्र्या आणि खिळ्यावर टांगलेले अर्धवट कोट. तीस वर्षांत तिची शिवण कधी सुताइतकीही सरकली नव्हती, आणि त्याबद्दल तिला जो अभिमान होता तो खुसपटरावांच्या अभिमानाहून दोन बोटं उंचच होता. शनिवारी तिचा नवा चष्मा आला होता.

"हा चष्मा चुकलाय," ती म्हणाली. "टेबल तिरकं दिसतं. एका कोटाचा खिसा उतरता लावलाय मी. गिऱ्हाईक म्हणालं, यात ठेवलेलं पेन घरंगळेल."

"नव्या चष्म्याला आठवडा लागतो सवय व्हायला."

"सवय मला व्हायची की टेबलाला?"

"अगं, दुकान आमचंच सॉफ्टवेअर वापरतं. काही चुकलं असतं तर नोंद झाली असती. मी आजच पाहिलं. नोंद नाही म्हणजे चूक नाही."

बायकोने कात्री टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली, आणि ते जास्त वाईट होतं. "म्हणजे मला दिसतं ते खोटं आणि तुमच्या फाइलीत दिसत नाही ते खरं."

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत."

मंगळवार आणि बुधवार खुसपटराव चुका गिळणाऱ्यांच्या मागावर होते. टीमने लिहिलेला सगळा प्रोग्राम त्यांनी डोळ्यांत तेल घालून ओळीन् ओळ वाचला. जेवणाची सुट्टी घेतली नाही. कोणी जवळून गेलं की पडदा झाकायचे, मग उलट वाटून मुद्दाम उघडा ठेवायचे. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्यांना एक्केचाळीस जागा सापडल्या, जिथे चूक पकडून गिळली होती. नऊ धडाडबाईच्या, चौदा उंच प्रोग्रामरच्या, बाकीच्या फुटकळ. त्यांनी यादी स्वच्छ टाइप केली, चौथा रकाना ठळक केला आणि सहा प्रती काढल्या. पायऱ्या उतरताना ते शीळ घालत होते. शीळ बेसूर होती, पण माणूस सुरात होता.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळी हकिकत ऐकवली. चोर कसे पकडले, उद्या ते कसे चव्हाट्यावर येणार, धडाडबाईचं तोंड कसं होईल. बायको चष्मा न लावता जेवत होती. जुना चष्मा तिने दुकानात देऊन टाकला होता आणि नवा तिने एका रिकाम्या बरणीत ठेवून झाकण लावलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"ऑफिसात नोंद नाही, म्हणून लोक चोर. घरी नोंद नाही, म्हणून मी वेडी. हे एकाच तोंडाने कसं बोलता?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

खुसपटराव म्हणाले, "त्या एक्केचाळीस जागांत चष्म्याच्या नंबराची एकही नाही," आणि हे वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकून त्यांचा घास हातात राहिला. नंबराच्या जागी कोणी काही गिळलं नव्हतं. बायकोच्या चष्म्यात चूक असेल, तर ती कोणीतरी नोंदीला सांगितलेली असणार. आणि नोंदीने लिहिलेली नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेसातला ते ऑफिसात होते. त्यांनी पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. त्यात जाणूनबुजून चूक केली, आयुष्यात प्रथमच, त्यामुळे जरा वेळ लागला. मग नोंदीला सांगितलं: बोंब. फाइल उघडली. शेवटची नोंद अकरा तारखेची. पुन्हा बोंब. पुन्हा काही नाही. लागोपाठ सात वेळा त्यांनी बोंब मारली आणि सातही वेळा त्यांच्या लाडक्या लायब्ररीने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

आठ वाजता सर्व्हरवाला आला. सर्व्हरच्या खोलीत एकटाच बसणारा हा माणूस वर्षभर स्वेटर घालायचा आणि कोणी बोलायला आलं की आधी घड्याळ बघायचा.

"बारा तारखेला तुम्ही काय केलंत?" खुसपटरावांनी दारातच गाठलं.

"मशीन बदललं. जुनं तापत होतं. मेल केला होता मी."

"मी वाचला नाही."

"कोणीच वाचत नाही." त्याने फ्लास्कचं झाकण उघडलं. "काय झालं?"

दोघांनी मिळून बघितलं. नव्या मशीनवर नोंदीची फाइल होती, पण ज्या फोल्डरात ती होती तिथे वाचायची परवानगी होती, लिहायची नव्हती. सर्व्हरवाला द्यायला विसरला होता.

"चूक माझी," तो म्हणाला, आणि इतक्या सहज म्हणाला की खुसपटरावांना क्षणभर रागच आला. "पण एक सांगा. लिहिता येत नाहीये, हे तुमची लायब्ररी बोलली का नाही? एवढी लोकांच्या नावाने बोटं मोडते, स्वतःचं तोंड बांधलंय हे सांगता येईना तिला?"

खुसपटरावांनी नोंद उघडली. अठरा वर्षांत ती उघडायची वेळच आली नव्हती, याचाही त्यांना अभिमान होता. एकशे त्रेचाळिसावी ओळ: फाइलीत लिहिता आलं नाही, तर काही करू नये. तेव्हाचा विचार आठवला. चूक लिहिणाऱ्यानेच चूक केली तर त्यापायी सगळं सॉफ्टवेअर बंद पडू नये, म्हणून मुकाट पुढे जायचं. म्हणजे मराठीत सांगायचं तर गिळायचं. ओळीला शेवटचा हात कोणाचा हे त्यांनी सवयीने तपासलं. दुसऱ्या कोणाचा असणार?

मग त्यांनी बायकोच्या चष्म्याची ऑर्डर काढली. दुकानाने डाव्या डोळ्याचा कोन, म्हणजे काच किती अंश फिरवून घासायची तो आकडा, साठ पाठवला होता. यंत्राकडे गेला शून्य. चौदा तारखेला धडाडबाईने नंबर वाचणारा भाग बदलला होता, आणि तेव्हापासून दुकानदाराने कोन आधी आणि नंबर नंतर भरला की कोनाच्या जागी शून्य पडत होतं. चूक तिची. पण त्याच्याच खालच्या ओळीत तिने चोख लिहिलं होतं: तक्रार, कोन वाचता आला नाही. ज्या बाईला ते तीन दिवस चोर म्हणत होते, तिने इमानेइतबारे सांगितलं होतं. ज्या लायब्ररीने ऐकून सोडून दिलं, तिला त्यांनी अठरा वर्षं जपलं होतं.

"परवानगी देऊन टाकू?" सर्व्हरवाल्याने विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे. नोंद सुरू होईल. कोणाला कळायचंसुद्धा नाही."

हे त्याने सहानुभूतीने म्हटलं होतं. खुसपटराव उभे राहिले. हातात एक्केचाळीस जागांच्या सहा प्रती होत्या, आणि त्या जागा खऱ्या होत्या. गुरुवार त्यांचा होता. नोंद राहिली असती, मजला राहिला असता, खिडकी राहिली असती. फक्त बावीस दिवस गप्प कोण होतं, एवढंच सांगायचं नव्हतं.

"द्या," ते म्हणाले. आणि परवानगी मिळताच खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदीला एक बोंब सांगितली. चारही रकाने भरून.

अकरा वाजता सगळे टेबलाभोवती जमले. धडाडबाईने रंगीत आलेख भिंतीवर टाकले होते. साहेब म्हणाले, "राव, तुम्ही आधी."

खुसपटराव उभे राहिले. यादीच्या प्रती त्यांनी टेबलावर पालथ्या ठेवल्या आणि एकच कागद हातात घेतला.

"बारा तारीख ते कालचा दिवस. बोंब. फाइलीत लिहिता येत नव्हतं. नोंद लायब्ररी, ओळ एकशे त्रेचाळीस. लायब्ररीने ते कोणाला सांगितलं नाही. बावीस दिवसांतल्या सर्व चुका हरवल्या." ते थांबले. मग नाव वाचलं. स्वतःचं. त्याच सुरात. बघायला समोर माणूस नव्हता, म्हणून चष्म्यावरून भिंतीकडे बघितलं.

मग धडाडबाई म्हणाली, "पुन्हा वाचा, काका. मागच्या खुर्च्यांना ऐकू आलं नाही."

मागच्या खुर्च्यांवर कोणी नव्हतं. खुसपटरावांनी पुन्हा वाचलं. अक्षर न बदलता.

"म्हणजे आम्ही गिळल्या नव्हत्या," ती म्हणाली.

"एक्केचाळीस गिळल्यात. ती यादी पालथी आहे, सुलटी करून घ्या. पण त्या जुन्या. हे एकोणीस दिवस तुमचे नाहीत."

"माफी वगैरे?"

"माफीचा रकाना नाही त्यात."

"मग घाला."

"आणि कोनाच्या जागी शून्य घालून पुढे जायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं? ऑर्डर थांबवायला काय झालं होतं?"

"तुमच्याच लायब्ररीने शिकवलं. तीही काही न करता पुढेच जाते."

"कसलं शून्य?" साहेबांनी विचारलं. खुसपटरावांनी बायकोच्या ऑर्डरचं सांगितलं. साहेबांचा चेहरा बदलला. ते मालक राहिले नाहीत, वीस वर्षांपूर्वीच्या दुकानातले झाले. "साठ अंश? साठ अंशांनी माणसाला जमीन चढावर दिसते. तो जिन्यावर पाय कुठे ठेवील? अशा किती काचा गेल्या?"

"सांगता येत नाही," खुसपटराव म्हणाले.

"का?"

"नोंद नाही."

साहेब उठले. ते ओरडणारे नव्हते, आणि आताही ओरडले नाहीत. "बावीस दिवसांत तीन हजार चारशे ऑर्डरी गेल्यात. एकेक हाताने तपासा. तुम्ही दोघं. शेजारी बसून. दुकानांना फोन मी करतो, आणि शिव्याही मी खातो, कारण तुम्हाला खाता येणार नाहीत." दारात ते वळले. "नोंद जाईल. राव, तुम्ही आज खरं बोललात ते बरं केलंत. पण जी वस्तू स्वतःचं तोंड बांधलेलं सांगत नाही, ती मी ठेवणार नाही. नोंद काढून झाली की खाली बसा."

खुसपटरावांनी मान हलवली. आपल्याकडेच कोणी असा निर्णय मागितला असता तर आपणही हाच दिला असता, हे त्यांना कळत होतं. त्याने अंगाचा तिळपापड कमी होत नव्हता, उलट वाढत होता.

पुढचे तीन दिवस दोघं शेजारी बसून ऑर्डरी तपासत होती. धडाडबाई दुकानाचा कोन वाचायची, खुसपटराव यंत्राकडे गेलेला. "नव्वद." "नव्वद." "वीस." "वीस." "पंचेचाळीस." "शून्य." शून्य आलं की ते लांब श्वास सोडायचे आणि ती म्हणायची, "श्वासाने काही होणार नाही, पुढचं सांगा." तिने सरबत आणलं ते एकच आणलं. त्यांनी खुर्ची दोन वेळा लांब सरकवली, तिने आकडा ऐकू येत नाही म्हणून दोन्ही वेळा जवळ ओढली. दोनशे बारा चष्मे चुकीचे निघाले. खुसपटरावांच्या बायकोचा त्यातला एक. तिची काच बदलून आली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "आता टेबल सरळ आहे. तुमचं काय ते बघा."

मग नोंद काढायची पाळी आली. ती एकशे बारा ठिकाणी जोडलेली होती आणि कुठे कुठे ते खुसपटरावांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे हे कामही त्यांच्याच नशिबी आलं. महिनाभर ते रोज चार-पाच ठिकाणाहून आपली लायब्ररी सोडवत होते. प्रत्येक ठिकाणी धडाडबाई नवी जोडायची, आणि प्रत्येक ठिकाणी ते विचारायचे, "हिला स्वतःला लिहिता आलं नाही तर ही काय करते?" ती म्हणायची, "काका, ही सगळ्या जगात वापरतात." ते म्हणायचे, "मी जगाचं विचारलं नाही."

शेवटी ते खाली गेले. मॅन्युअलच्या खोलीत खरोखरच खिडकी नव्हती. त्यांना पहिलंच काम आलं ते नव्या लायब्ररीची पुस्तिका लिहायचं, हा योगायोग होता की कोणाची खोडी, हे त्यांनी शोधून काढलं नाही, म्हणजे बघा. आधीच्या गृहस्थांनी ते दोन दिवसांत उरकलं असतं. खुसपटरावांनी त्या लायब्ररीच्या अकरा हजार ओळी तीन आठवडे बसून वाचल्या आणि मग पुस्तिका वर पाठवली.

तासाभरात धडाडबाई जिना उतरून आली. हातात पुस्तिका, पुस्तिकेत लाल पेन.

"ही लायब्ररी कशी वापरावी, पान एक. ही लायब्ररी कशी फसते, पानं दोन ते नऊ. हे काय आहे, काका? लोक घाबरतील."

"घाबरले पाहिजेत."

"आणि हे. 'ही लायब्ररी गप्प असेल तर सर्व ठीक आहे असे समजू नये. लिहिता आले नाही तर ती काही करत नाही.' हे धादांत खोटं आहे. सुडाने लिहिलंय तुम्ही."

खुसपटरावांनी पडदा तिच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. ओळ सात हजार सहाशे दोन. ती उभ्याने वाचू लागली. वाचता वाचता पडद्यावर वरच्या ओळींकडे गेली, पुन्हा त्याच ओळीवर आली. मग कागदाच्या एका खोक्यावर बसली.

"आता हसा," ती म्हणाली.

"कामात आहे."

"रोज एकदा मुद्दाम चूक करून बघायला हवी. ती आलेखात आली तर जिवंत आहे. नाही आली तर वर येऊन सांगायचं."

"कोणी करायची?"

"तुम्ही. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

"मॅन्युअलवाल्याला चुका करायची परवानगी नसते."

"तुम्हाला जमतं. बावीस दिवसांची जमली होती." तिने पेनचं टोपण काढलं. "रोज सकाळी साडेनऊला. तसं इथे लिहिते."

"नऊला."

"साडेनऊ. नऊला ऑफिसात कोणी नसतं."

"मी असतो. आणि साडेनऊला दुकानं उघडतात. पहिली ऑर्डर यायच्या आधी कळलं पाहिजे."

तिला राग आला, कारण यात खुसपट काढता येत नव्हतं. मग पुस्तिकेच्या समासात तिने 'नऊ' असं लिहिलं, इतक्या जोराने की पेन कागदातून आरपार गेलं. खुसपटराव म्हणाले, "कंपनीचा कागद आहे, बाईसाहेब," आणि तिच्यापुढे दुसरं पान सरकवलं.